ऑपरेशन झालं, पुढची गोळी कोणाच्या नावावर?

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. जिल्हा शल्यचिकित्सक व मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, गोंदिया
मा. अधिष्ठाता, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, गोंदिया

महोदय,

मी सौंदडची रहिवासी. गळ्यातली गाठ काढताना माझी पूर्ण थायरॉइड ग्रंथीच काढावी लागली. ऑपरेशन उत्तम झालं आणि त्या डॉक्टरांची मी ऋणी आहे. त्यानंतर सुरू झालेल्या आणि जन्मभर चालणाऱ्या दुसऱ्या आजारासाठी हे पत्र लिहिते आहे, कारण त्या आजाराला आपल्या व्यवस्थेत घरच नाही.

सुटी होताना दिलेल्या कॅल्शिअमच्या गोळ्या संपल्या, तेव्हा "ताकदीच्याच गोळ्या आहेत, आता नाही घेतल्या तरी चालतं" असं मला सांगण्यात आलं. मी बंद केल्या. ऐन रोवणीत ओठांभोवती मुंग्या येऊ लागल्या. मग बांधीत उभी असतानाच बोटं आत ओढली गेली, ताठ झाली आणि हातातली पऱ्ह्यांची जुडी सुटून चिखलात पडली. बायांनी हात चोळले, बोटं काही उघडेनात. दवाखान्यात अशक्तपणा म्हणून सलाईन लावली. रक्तातलं कॅल्शिअम तपासावं हे कुणाला सुचलं नाही. ते पुढे शहरात गेल्यावर तपासलं गेलं आणि फार कमी निघालं.

थायरॉइडच्या मागे बहुतेकांना तांदळाच्या दाण्याएवढ्या ४ पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. रक्तातलं कॅल्शिअम त्या सांभाळतात. ऑपरेशनमध्ये त्यांना धक्का बसला किंवा त्यांचा रक्तपुरवठा तुटला, तर कॅल्शिअम घसरतं. बहुतेकांच्या ग्रंथी काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सावरतात. काहींच्या कधीच सावरत नाहीत. अशा रुग्णाला रोज कॅल्शिअम आणि सोबत कॅल्सिट्रिऑल, म्हणजे ड जीवनसत्त्वाचं तयार, सक्रिय रूप लागतं. साधं ड जीवनसत्त्व सहसा पुरत नाही, कारण त्याला सक्रिय करायला लावणारं पॅराथायरॉइडचं संप्रेरकच नसतं. कॅल्शिअम फार घसरलं तर झटके येतात आणि घरचे मिरगी समजतात. उलट, तपासणीशिवाय वर्षानुवर्षं गोळ्या घेत राहिलं तर मूत्रपिंडात खडे होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ लागतात. म्हणजे गोळी सोडणं धोक्याचं आणि अंदाजाने घेणंही धोक्याचं.

थायरॉइड काढल्यावर तिच्या संप्रेरकाच्या जागी रोज घ्यावी लागणाऱ्या थायरॉक्सिनच्या गोळीचंही तसंच. थायरॉक्सिन रक्तात निम्मं व्हायला सुमारे ७ दिवस लागतात. त्यामुळे गोळी बंद केली तरी पहिल्या आठवड्यात काही जाणवत नाही, आणि बाईला वाटतं, गोळीवाचून भागतं. मग हळूहळू चेहरा सुजतो, थंडी सोसवत नाही, पाळी बिघडते, काही आठवेनासं होतं; घरात 'आळशी झाली' असं ऐकावं लागतं. डोस जास्त झाला तर छाती धडधडते, हाडं ठिसूळ होतात. म्हणून डोस बदलल्यावर ६ ते ८ आठवड्यांनी रक्तातलं टीएसएच हे संप्रेरक तपासावं लागतं आणि डोस बसल्यावरही वर्षाकाठी तपासत राहावं लागतं.

आता आपल्याच योजनांकडे पाहू. गर्भवतीला आपण लोहाच्या आणि कॅल्शिअमच्या गोळ्या देतो, ते योग्यच आहे. पण या दोन्ही गोळ्या थायरॉक्सिन पोटात नीट शोषलं जाऊ देत नाहीत. मध्ये निदान ४ तासांचं अंतर हवं. शिवाय गरोदरपणात थायरॉक्सिनचा डोस सुरुवातीलाच वाढवावा लागतो, कारण पहिल्या महिन्यांत बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉक्सिनवर अवलंबून असते. ग्रंथी काढलेली बाई तिन्ही गोळ्या सकाळी एकदम घेत असेल, तर हे तिला कोण सांगणार?

महात्मा फुले जनआरोग्य योजनेने गरिबाला ऑपरेशनचं दार उघडलं. पण पॅकेजमधली औषधं सुटीनंतर १० दिवस पुरतात आणि हा आजार जन्मभर पुरतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले. तरी तपासणी आणि सल्ल्यासाठी शंभराहून अधिक किलोमीटरवरचं नागपूर गाठायचं म्हटलं, की मजुरी बुडते. रोवणी आणि कापणीच्या दिवसांत ती बुडवणं परवडत नाही, म्हणून तपासणी बुडते.

माझ्या मागण्या अशा :

१. सुटीच्या वेळी मराठीत कार्ड द्या. त्यावर किती ग्रंथी काढली, कोणती गोळी जन्मभराची, पुढची तपासणी कधी आणि मुंग्या-पेटके आल्यास काय करायचं, हे ठळक लिहा.

२. बीपी-शुगरच्या रुग्णांसारखीच या रुग्णांचीही गावच्या नोंदवहीत नोंद ठेवा. आशाताईंना दोनच प्रश्न शिकवा : गोळी चालू आहे का? मुंग्या येतात का?

३. थायरॉक्सिनच्या वेगवेगळ्या मात्रा, कॅल्शिअम आणि कॅल्सिट्रिऑल प्राथमिक आरोग्य केंद्रात खंड न पडता ठेवा.

४. टीएसएच, कॅल्शिअम, फॉस्फरस आणि क्रिएटिनिनसाठी रक्त गावाजवळच घ्या. नमुना प्रवास करू दे, रुग्ण नको.

५. गोंदियाच्या वैद्यकीय महाविद्यालयात या रुग्णांसाठी ठरलेल्या वाराची ओपीडी ठेवा आणि तिथल्या तज्ज्ञांना ई-संजीवनी या दूरसल्ला सेवेवरून आरोग्य केंद्रांशी जोडा.

६. गळ्यावर ऑपरेशनचा व्रण आणि बोटं वळलेली दिसली, तर आधी कॅल्शिअम तपासा, असा लेखी आदेश प्रत्येक दवाखान्याला द्या. वेळेवर शिरेतून सावकाश दिलेलं कॅल्शिअम ग्लुकोनेट जीव वाचवतं.

यासाठी नवी इमारत लागत नाही. बीपीची गोळी महिन्याच्या महिन्याला गावात पोचवायची कशी, हे आपल्या यंत्रणेला माहीत आहे. त्याच पिशवीत या गोळ्याही घाला. ज्या शासनाने ग्रंथी काढण्याचा खर्च उचलला, त्याच शासनाने तिच्या जागी लागणारी गोळीही स्वतःची जबाबदारी मानावी. या पत्राला लेखी उत्तर द्या आणि गोंदिया जिल्ह्यात हे कधी सुरू होणार, ती तारीख त्यात कळवा.

आपली,
थायरॉइड काढलेली एक नागरिक
सौंदड, ता. सडक अर्जुनी, जि. गोंदिया