मोर राष्ट्राचा, मरतूक शेतकऱ्याच्या माथी

मोराला राष्ट्रीय पक्षी केले १९६३ साली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पहिल्या अनुसूचीत बसवले. मारणाऱ्याला किमान तीन वर्षे कैद. बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यातल्या नायगावला १९९४ साली त्याच्यासाठी अभयारण्यही झाले. पण मोर काही हद्दीचे दगड मोजून चरत नाही. तो राहतो आपल्या धुऱ्यावर, पाणी पितो आपल्या विहिरीच्या डोणीत, आणि खातो आपली ज्वारी, भुईमूग, मिरचीची रोपे. राष्ट्राच्या पक्ष्याला दाणा घालण्याचा खर्च राष्ट्राच्या कोणत्या अंदाजपत्रकात आहे?

आणि पावसाळ्यात बांधावर लांडोरीची चार पिल्ले मेलेली दिसली, की पहिला संशय ज्याचे शेत त्याच्यावर. 'औषध घातले असणार.' शवविच्छेदन व्हायच्या आधीच निकाल तयार. म्हणून ही पिल्ले खरोखर कशाने मरतात, हे आपणच नीट समजून घेतले पाहिजे.

लांडोर जमिनीवरच, झुडपाच्या आडोशाला चार-सहा अंडी घालते आणि अठ्ठावीसेक दिवस उबवते. पिल्ले निघतात ती भर पावसाळ्यात. पहिले काही आठवडे ती किडे, अळ्या, वाळवी यांवर वाढतात. नुसत्या दाण्यावर जगत नाहीत. झडीत भिजून गारठतात, कुत्री-मुंगूस आपला वाटा नेतात. इथवर निसर्ग. पुढचे दोन मारेकरी मात्र माणसाच्या वस्तीतून येतात.

पहिला मारेकरी मानमोडी, म्हणजे राणीखेत. गावातल्या कोंबड्यांना तो लागतो तसाच मोरालाही लागतो. आजारी कोंबडीची विष्ठा, नाकातोंडातला स्राव, उकिरड्यावर फेकलेली मेलेली कोंबडी, तीच डोण, तेच डबके. रोगाला आणखी वाट लागत नाही. मान वाकडी होते, हिरवी हगवण लागते, पाय लुळे पडतात आणि दोन-चार दिवसांत खेळ संपतो. उपचार नाही. लस आहे, ती आपल्याच राज्यात पुण्याला औंधच्या सरकारी संस्थेत तयार होते. पहिल्या आठवड्यात लासोटाचा एक थेंब डोळ्यात, आणि आठ आठवड्यांच्या सुमारास आर-टू-बी पंखाखाली टोचायची. एवढे साधे काम.

मग ते होत का नाही? कारण लसीची बाटली शंभर, दोनशे, हजार पक्ष्यांची. ती बर्फात न्यावी लागते, आणि एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. ज्या बाईकडे सात कोंबड्या आहेत तिने काय करायचे? तिच्या आठवडी बाजाराच्या मीठ-मिरचीची सोय याच सात कोंबड्यांवर. मानमोडी आली की एका रात्रीत डालगे रिकामे. पण सात कोंबड्यांसाठी गुरांच्या दवाखान्याचे फ्रीज उघडत नाही. पोल्ट्रीवाल्याला लस दारात मिळते, आणि राष्ट्रीय पक्ष्याच्या पिलाचा जीव ज्या खुराड्यावर अवलंबून आहे, ते खुराडे कुणाच्या हिशेबातच नाही.

दुसरा मारेकरी दुकानातून येतो. ज्वारीवरच्या खोडमाशीसाठी बियाण्याला कीटकनाशक चोळायचे, दाणेदार विष जमिनीत टाकायचे, हे आपल्याला कृषी खात्यानेच शिकवले. उघड्यावर सांडलेले ते बी पक्ष्याला दाणा वाटते आणि विषाचे दाणे त्याला खडे वाटतात. खडे तर त्याला पोटात दाणा दळायला लागतातच. फोरेटवर २०२० च्या अखेरपासून बंदी आली, चांगले झाले. पण ती येईपर्यंत किती वर्षे आपल्याच हाताने ते टाकवून घेतले? २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना वीसहून जास्त शेतकरी-मजूर दगावले, तेव्हाही 'तोंडाला फडके बांधले नव्हते' म्हणून दोष मेलेल्यांच्याच पदरी घातला होता. मोराच्या पिलांच्या बाबतीत तीच रीत चालू आहे.

कुणी विचारील, आपले पीक खाणाऱ्याची काळजी आपण का करायची? करायची ती घरच्या कोंबडीसाठी, बांधावर चरणाऱ्या शेळीसाठी, रानात खेळणाऱ्या पोरासाठी. रोग तोच आणि विषही तेच. त्यात मोराचे पिलू वाचले तर वाचू द्या.

चोळलेले बी पेरताना मातीआड जाऊ द्या, कडेला सांडलेले बुजवा, उरलेले गोठ्यात उघडे ठेवू नका. पाकिटे डोणीजवळ धुऊ नका. मेलेली कोंबडी ओढ्यात न फेकता चुना टाकून खोल पुरा.

आणि पोरे रानातून पिलू उचलून घरी आणतात, ते थांबवा. एक तर तो गुन्हा. दुसरे, पिलू जगत नाही. भाकरीच्या चुऱ्यावर त्याचे पोषण होत नाही, आणि कोंबड्यांच्या खुराड्यात तर घातच. कोंबडीच्या पोटातल्या बारीक जंतांच्या अंड्यांतून एक सूक्ष्म जीव पसरतो. कोंबडीला त्याचे फारसे काही होत नाही; मोराच्या पिलाचे मात्र यकृत सडते, गंधकासारखी पिवळी विष्ठा होते आणि ते मरते.

लसीचे काम मात्र एकट्याने होणार नाही. वीस घरांनी मिळून शंभर-सव्वाशे कोंबड्यांची यादी करावी, दिवस ठरवावा आणि दवाखान्याला लेखी कळवावे. संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात आल्या की तासाभरात काम उरकते. आजारी पक्ष्याला टोचू नये. हे उन्हाळ्यातच करा, म्हणजे लांडोरीची पिल्ले निघण्याआधी गावातला रोग आटोक्यात येईल.

जिल्हा बैठकीत ठराव मांडायचा आहे तो असा: गुरांच्या दवाखान्याने दर उन्हाळ्यात गावोगाव येऊन घरगुती कोंबड्यांना लस टोचावी, लहान बाटल्या पुरवाव्यात, आणि मोर मेलेला सापडला तर वनखात्याने पंचनामा व पशुवैद्याकडून शवविच्छेदन करून त्याचा अहवाल ग्रामपंचायतीला द्यावा, तोवर शेतमालकाला चौकीत बसवू नये. मेलेल्या पक्ष्याला आपण हात लावायचा नाही, लगेच वनरक्षकाला कळवायचे आणि कळवल्याची वेळ लिहून ठेवायची. ठरावाची एक प्रत पशुसंवर्धन खात्याला, एक वनखात्याला. दोघांकडून पोच घेतल्याशिवाय उठायचे नाही.