ओहोटीच्या वेळेला बाई कुठे असते?



गेल्या हिवाळ्यात आमच्या गटाने एक छोटं शिबिर घेतलं. जागा समुद्रकिनारा, विषयही किनाराच. आलेल्या बाया चाळिशीपासून सत्तरीपर्यंतच्या. बहुतेकींचा जन्म समुद्रापासून तास-दोन तासांच्या अंतरावर गेलेला. ओळखी झाल्यावर सहज विचारलं, "समुद्रावर शेवटच्या कधी गेला होतात?" कुणी म्हणाली गणपती बोळवायला, कुणी नातवंडांना भेळ खाऊ घालायला. एक बाई थोडं थांबून म्हणाली, "यांच्या अस्थी सोडायला." शिकण्यासाठी समुद्रावर गेलेली एकही नव्हती.

आपल्या चळवळीत प्रौढ शिक्षण म्हटलं की पाटी, सही, बचत गटाची वही आणि कायद्याची पुस्तिका डोळ्यांपुढे येते. त्या कामाचं मोल आम्ही जाणतो, कित्येक वर्षं तेच केलं आहे. पण निसर्ग शिकणं ही मुलांची सहल किंवा निवृत्त पुरुषांचा छंद, असं आपणही मुकाट्याने धरून चाललो होतो. हे असं का झालं याचा विचार शिबिराने करायला लावला.

सुरुवात वेळेपासून झाली. किनारा बघायचा तर ओहोटी लागते, आणि ओहोटी कुणाच्या सोयीने येत नाही. कोकणपट्टीत जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा, पुनवेला सव्वाअकरा. गावागणिक थोडा फरक पडतो, पण हिशोब चालतो, कारण भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. भरतीनंतर सहा तासांनी पाणी तळाला जातं. आता पुढचं गणित मांडा. पाणी सगळ्यात लांब ओसरतं ते उधाणाच्या दिवसांत, म्हणजे पुनव-अवसेच्या आसपास, आणि त्या दिवसांची ओहोटी येते पहाटे पाच-सहाला नाही तर संध्याकाळी पाच-सहाला. म्हणजे नळाला पाणी येण्याची, डबे भरण्याची, नाही तर कणीक मळण्याची वेळ. अष्टमीच्या सुमाराला ओहोटी दुपारी बाराच्या आसपास येते, बाईला जरा सवड असते तेव्हा. पण तेव्हा भांगाचं पाणी, फारसं ओसरतच नाही, खडक झाकलेलेच राहतात. चंद्राने काही बाईविरुद्ध कट केलेला नाही. घरातल्या कामाची वाटणी मात्र माणसांनी केली आहे, आणि ती बदलल्याशिवाय खडकावरचं साधं समुद्रफूलसुद्धा बाईच्या नजरेला पडत नाही. शिबिराच्या आदल्या रात्री दोघींनी "उद्या सकाळचा चहा तुम्ही करा" हे वाक्य लग्नानंतर प्रथमच उच्चारलं. आमच्या दृष्टीने शिबिर तिथेच अर्धं यशस्वी झालं होतं!

मग पहाटेच्या अंधारात खडकावर. डबक्यात समुद्रफुलं, दुसऱ्याच्या शंखात बिऱ्हाड थाटलेला खेकडा, खडकाला चिकटून ओहोटीचे तास काढणारे शंखशिंपले. सुंदर दिसणारा शंकूच्या आकाराचा शंख हातात घ्यायचा नाही, तो विषारी डंख मारतो, हे पहिल्यांदा शिकवलं. दगड उलटा केला तर होता तसा ठेवायचा, कारण खाली कुणाचं तरी घर असतं. दुपारी खाडीकाठी गेलो. तिवराची चिखलातून वर आलेली श्वासमुळं पाहिली. कांदळाचं बी झाडावर असतानाच रुजतं आणि लांब शेंगेसारखं लोंबतं, ते पाहून एक आजी म्हणाली, "आईने पोर चालायला लागल्यावरच खाली ठेवलंन!" शास्त्राच्या पुस्तकात याहून चांगलं वाक्य सापडायचं नाही.

इथे आमची एक चूक कबूल करायची आहे. शिबिरासाठी आम्ही सागरी जीवशास्त्राचे एक अभ्यासक बोलावले होते. सज्जन माणूस, तळमळीने शिकवलं. सोबतीला गावातली एक मावशी होती. आयुष्यभर खाडीत तिसऱ्या आणि कालवं काढून तिने घर चालवलेलं. कार्यक्रमपत्रिकेत तिचं नाव नव्हतं, "स्थानिक मदत" असं लिहिलं होतं. चिखलात पाय कुठे रुतेल, कुठल्या भोकाखाली शिंपली आहे नि कुठल्या भोकात खेकडा, पाणी परत फिरलं हे कशावरून ओळखायचं, हे सगळं तिने शिकवलं. एकदा तर अभ्यासकही तिलाच विचारत होते. शेवटी त्यांना मानधनाचं पाकीट दिलं आणि मावशीला साडी-नारळ. आम्हीच दिलं, बायकांच्या श्रमाच्या मोलावर वीस-वीस पानं लिहिणाऱ्या आम्ही! कुणाच्या ध्यानात आलं नाही. मावशीच हसून म्हणाली, "साडी नको गो, माझी आजची सुकती बुडाली." एका ओहोटीची तिची कमाई आम्ही बुडवली होती. दुसऱ्या दिवशी पैसे दिले, पण ते वाक्य अजून जात नाही.

ही एकट्या आमचीच गोष्ट नाही. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांच्या साथीने ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. आज पिल्लं समुद्रात जाताना बघायला लांबलांबून माणसं येतात, घरोघरी उतरतात, गावाला चार पैसे मिळतात. काम मोठं आहे, आदर आहेच. पण पाहुणे वाळूवर उभे असतात त्या वेळी त्यांच्यासाठी भाकऱ्या थापणाऱ्या बाईला पिल्लं बघायला कधी मिळतात, हे तिथे जाल तेव्हा जरूर विचारा. उलट वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत 2017 पासून स्वामिनी बचत गटाच्या बाया स्वतः होडीतून लोकांना कांदळवन दाखवतात. झाडांची नावं त्याच सांगतात, पैसेही त्यांच्याच हाती येतात. मुंबईत 2017 पासूनच 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा उपक्रम ओहोटीच्या वेळी सामान्य माणसांना किनाऱ्यावर नेतो आहे. रस्ते-पुलांच्या गडबडीत शहराच्या खडकांवर प्रवाळ आहे हे पुष्कळांना त्यामुळे कळलं. तरीही अशा सहलींना येणारा माणूस बहुधा शिकलेला, सुट्टी असलेला, बूट असलेला. धुणंभांडी करणारी बाई जवळच्या वस्तीतून त्याच समुद्राकडे रोज बघते, तिला कुणी बोलावत नाही.

कुणी म्हणेल, पोटापाण्याचे प्रश्न सोडून शंखशिंपले काय बघायचे? पण किनारा हा पोटाचाच प्रश्न आहे. 19 फेब्रुवारी 1991 च्या किनारा नियमन अधिसूचनेपासून सगळी भांडणं भरतीरेषा नकाशावर कुठे ओढली यावर चालतात. 2011 ला नवी अधिसूचना आली, 2019 ला आणखी एक. तिने दाट लोकवस्तीच्या ग्रामीण भागात बांधकामबंदीचा पट्टा 200 मीटरवरून 50 मीटरवर आणला. नकाशावरच्या जनसुनावणीत बोलायचं तर उधाणाचं पाणी कुठवर येतं हे अंगणातून पाहिलेली बाई हवी, आणि आपण पाहिलं ते पुरावा आहे ही जाण तिला हवी. कांदळवनं तोडण्यावर मुंबई उच्च न्यायालयाने 2005 ला बंदी घातली, 2018 ला ती पक्की केली. पण समोर पडलेला भराव तिवराच्या श्वासमुळांवर पडला आहे हे ओळखता आलं, तर त्या निकालाचा उपयोग. होडी आणि परवाना कागदावर दिसतात. हाताने शिंपल्या वेचणारीचं काम कुठल्या कागदावर असतं? तिने कुठे, कुठल्या तिथीला, काय वेचलं याची वही ठेवली तर उद्या भरपाईच्या वेळी तिच्या हातात काहीतरी असेल. साक्षरता याहून वेगळी काय असते?

केंद्राच्या 2022 ते 2027 च्या नवभारत साक्षरता कार्यक्रमात पंधरा वर्षांवरच्या सर्वांसाठी सतत शिक्षण हा एक भाग आहे. किनाऱ्यावरच्या गटांनी आपापल्या जिल्ह्यात त्याचं बोट धरून ओहोटीचे वर्ग मागावेत. पदरात किती पडेल ते पडो, मागायला हरकत नाही.

येत्या मार्गशीर्षात अवसेच्या आसपास पुन्हा शिबिर घेत आहोत. या खेपेला शिक्षिका म्हणून मावशीचं नाव पत्रिकेत पहिलं आहे, आणि मानधन अभ्यासकांइतकंच. मुक्काम आदल्या रात्रीपासून, म्हणजे पहाटेची ओहोटी चुकणार नाही. संडासाची सोय किनाऱ्याजवळच्या शाळेत केली आहे (मागच्या वेळी नव्हती, आणि त्यामुळे बाया सकाळपासून पाणी न पिता फिरल्या, हेही इथे नोंदवून ठेवते). साडी खोचून या किंवा सलवार घाला, जुनी पायात बसणारी चप्पल आणा. गुडघे दुखणाऱ्यांसाठी वाळूवरचा वेगळा गट असेल. तुमच्या भागात खाडीत उतरणारी, शिकवायला तयार असलेली कुणी मावशी असेल तर तिला आधी विचारून आम्हाला पत्र टाका. आणि तिची सुकती कितीची असते, तेही लिहा.