नांव नसलेलीं चित्रें

गेल्या महिन्यांत या सदरांत शुल्बसूत्रांविषयीं लिहिलें, तेव्हां एका वाचकभगिनींनीं पत्रानें विचारिलें कीं, "दोरीनें आंखलेल्या त्या यज्ञवेदींत गणित आहे हें पटलें, परंतु नुसत्या रेषांत सौंदर्य तें कोठें असतें?" प्रश्न मार्मिक आहे, आणि त्याचें उत्तर मजजवळ तयार नव्हतें. तें मला चित्रांच्या एका पुस्तकानें दिलें. आणि देतां देतां माझी एक जुनी चूकहि माझ्या पदरांत घातली.

दिवाळीस माझी पुतणी मुळशीस आली होती. ती वास्तुरचनेचा अभ्यास करते. तिनें ओटीवर एक जाडजूड पुस्तक माझ्यापुढें उघडून ठेविलें. मीं पानामागून पान उलटलें. माणूस नाहीं, झाड नाहीं, देव नाहीं; नुसत्या रेघा! मी म्हणालों, "अगं, हे तर एखाद्या ओव्हरसियरचे नकाशे दिसतात."

ती हंसली नाहीं. म्हणाली, "काका, घाई करूं नका. एकच पान पांच मिनिटें पाहा."

आम्हां शिक्षकांना सांगण्याची संवय फार, ऐकण्याची थोडी. तरी तिचें मन मोडूं नये म्हणून पाहत बसलों. आरंभीं सर्व रेघा सारख्या वाटल्या. मग दिसलें कीं, एक जाड आहे, दुसरी केंसासारखी बारीक. वर त्या विरळ आहेत, खालीं दाट होत गेल्या आहेत. थोड्या वेळानें त्या सपाट कागदास खोली आली, आणि कोणी दार किंचित् किलकिलें करावें तसा एका बाजूनें उजेड आंत आल्यासारखा वाटला. कागदावर उजेड काढलेला नव्हता; तो दोन रेघांमधील मोकळ्या जागेंतून येत होता.

या रेषा काढणाऱ्या बाईंचें नांव नसरीन मोहमदी. जन्म १९३७ सालीं कराचीस. लहानपणींच कुटुंब मुंबईस आलें. १९५४ ते १९५७ पर्यंत त्यांनीं लंडनच्या सेंट मार्टिन्स कलाशाळेंत शिक्षण घेतलें आणि १९६१ ते १९६३ हीं वर्षें पॅरिसमध्यें अभ्यासांत घालविलीं. मुंबईंत भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्यें त्यांना वासुदेव गायतोंडे यांच्यासारख्या चित्रकारांचा सहवास लाभला. नागपुरांत जन्मलेल्या गायतोंड्यांचें नांव आज सुशिक्षित घरांत ऐकूं येतें, नसरीनबाईंचें क्वचितच. १९७२ पासून त्या बडोद्यास महाराज सयाजीराव विश्वविद्यालयाच्या ललितकला विभागांत शिकवूं लागल्या, व पुढें बडोदें हेंच त्यांचें कर्मक्षेत्र झालें.

त्यांच्या आरंभींच्या चित्रांत झाडाझुडुपांचा, पाण्याचा, वाळूचा भास होत असे. हळूहळू तोहि गळून पडला. प्रथम आडव्या-उभ्या रेषांचें जाळें आलें. मग तिरप्या रेषा आल्या. आणि शेवटीं शेवटीं तर कोऱ्या कागदावर दोन-चार तिरप्या रेषा किंवा एखादें कमान-खंड तरंगतें, एवढेंच उरलें. साधनेंहि आपल्या कंपासपेटीच्याच कुळांतलीं: पट्टी, पेन्सिल, शाई आणि आराखडे काढण्याचें मेज. त्या छायाचित्रेंहि घेत. रस्त्यावरचे पांढरे पट्टे, मागावरचे ताणलेले धागे, फत्तेपूर-शिक्रीचीं फरसबंद अंगणें, समुद्राकांठचें ओसरतें पाणी, असे त्यांचे विषय. परंतु हीं छायाचित्रें त्यांनीं हयातींत कधीं प्रदर्शनांत मांडिलीं नाहींत.

याहून विलक्षण गोष्ट पुढेंच आहे. शरीराच्या हालचालींवरचा ताबा क्रमाक्रमानें नाहींसा करणारा मज्जातंतूंचा विकार त्यांना जडला. ज्या हातावर सर्व भिस्त, तोच हात स्वाधीन राहीना. अशा अवस्थेंतहि त्यांनीं कागदावर ओढलेली रेषा कांपत नाहीं. ती रेषा किती श्रमानें निघाली असेल, हें ज्यानें आजारी माणसास घोटभर पाणी पितांना पाहिलें असेल त्यालाच कळेल. १९९० च्या मे महिन्यांत, अलिबागजवळच्या किहीम गांवीं त्या वारल्या. पन्नाशी नुकतीच ओलांडली होती.

मग त्या दुर्लक्षित कां राहिल्या? त्यांच्या काळीं बडोद्याच्या मंडळींत माणसांची, गोष्ट सांगणारी चित्रकला जोरांत होती; १९८१ सालच्या 'प्लेस फॉर पीपल' या प्रदर्शनानें तर तिचा झेंडाच उभारिला. या गजबजाटांत एक बाई एकटीच रेघा ओढीत होती. चित्रें विकण्याची खटपट तिनें फारशी केली नाहीं. तीं मित्रमंडळींस भेट दिलीं. बहुतेक चित्रांना नांव नाहीं, पुष्कळांवर सालहि नाहीं. जगानें त्यांची दखल घेतली ती त्यांच्यामागें: २००७ सालीं जर्मनीच्या डॉक्युमेंटा प्रदर्शनांत, २०१३ सालीं दिल्लींत, २०१५ सालीं माद्रिदमध्यें आणि २०१६ सालीं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानें तेव्हां नव्यानें उघडलेल्या शाखेंत, जेथें उद्घाटनाच्याच प्रदर्शनांत त्यांचीं चित्रें होतीं. स्वीडनच्या हिल्मा आफ क्लिंट या बाईंचीहि अशीच कथा आहे. १९०६ पासून त्या निराकार चित्रें काढीत होत्या. १९४४ सालीं त्या वारल्या. आणि त्यांच्या कामाचा खरा बोलबाला झाला तो आपल्या डोळ्यांदेखत.

नांव नाहीं म्हणून मान नाहीं, असें आपली परंपरा तरी म्हणत नाहीं. करंगळीशेजारच्या बोटास संस्कृतांत 'अनामिका' म्हणतात. आणि धर्मकृत्याच्या वेळीं दर्भाचें पवित्रक आपण त्याच बोटांत घालतों. आमच्या घरांतील स्त्रिया पिढ्यान् पिढ्या दाराशीं ठिपके मांडून रांगोळी काढीत आल्या. तिच्याखालीं कोणी सही केली नाहीं, आणि सायंकाळपर्यंत ती पुसून गेली. नसरीनबाईंच्या रेषा म्हणजे रांगोळी नव्हे. रांगोळी आपल्या मध्याभोंवतीं फिरते, यांच्या रेषा कागदाच्या कडेबाहेर निघून जातात. परंतु हात स्थिर करण्यासाठीं आधीं मन स्थिर करावें लागतें, हें दोहोंकडे एकच. पत्र धाडणाऱ्या भगिनींना माझें उत्तर हेंच: सौंदर्य रेषेंत शोधूं नका, दोन रेषांच्या मध्यें जी जागा जपून मोकळी ठेविली आहे, तेथें पाहा.

आतां माझी चूक. पस्तीसएक वर्षांपूर्वीं मी ज्या शाळेंत होतों, तेथें चित्रकलेचा तासहि मजकडेच असे. एकदां 'आमचा गांव' असा विषय दिला. सर्वांनीं डोंगर, सूर्य, कौलारू घर काढिलें. धरणाच्या काठच्या वाडीवरून येणाऱ्या एका मुलीनें मात्र पानभर आडव्या रेघा ओढिल्या होत्या. मीं वही उंच धरून वर्गास दाखविली आणि विचारिलें, "यांत गांव कुठं आहे?" मुलें खदखदून हंसलीं. ती खालीं मान घालून म्हणाली, "गुर्जी, पानी उतरल्यावर असंच दिसतंय." मीं तांबड्या शाईनें 'चित्र अपूर्ण' असा शेरा दिला.

मुळशीच्या त्या जलाशयाखालीं कित्येक गांवांची जमीन गेली, आणि त्यासाठीं १९२१ सालीं येथें सत्याग्रह झाला, हा इतिहास मी त्याच वर्गांत मोठ्या आवेशानें शिकवीत असें. चैत्र-वैशाखांत पाणी उतरत जातें तशी काठाच्या मातीवर एकीखालीं एक रेघ उमटत जाते. मीं ती शेंकडों वेळां पाहिली होती. त्या मुलीनें ती काढिली, तेव्हां मला ओळखतां आली नाहीं.

पुस्तक मिटल्यावर दोन रात्री झोंप आली नाहीं. पौडच्या बाजारांत ती बाई मला मधून मधून भेटते. आतां तिच्या मुलाचें लग्न ठरलें आहे. परवां तिला थांबवून सर्व सांगितलें आणि म्हटलें, "बाई, तेव्हां माझं चुकलं."

ती ओशाळून हंसली. "काय गुर्जी, इतक्या वर्षांचं! मला न्हाई ध्यानात." मग पिशवी या हातांतून त्या हातांत घेत म्हणाली, "पर चित्रं काढाया लई आवडायचं तवा. मग ऱ्हायलं."

तिनें मला क्षमा केली कीं नाहीं, हा प्रश्नच उरला नाहीं; तिला अपराधच आठवत नव्हता. राहिलें तें चित्र काढणें.

वाचकहो, आपल्या घरीं एखादें मूल पाटीवर नुसत्या रेघा ओढीत बसलें असेल, तर "हें काय काढलंस?" असें एकदम विचारूं नका. त्याच्याशेजारीं पांच मिनिटें बसा. माझ्या पुतणीनें मला तेवढींच सांगितलीं होतीं.