लहान मुले, मतदान आणि आपली जबाबदारी

फेब्रुवारी २०२४ मध्ये हिंगोली जिल्ह्यातील कळमनुरीचे आमदार संतोष बांगर यांची एक चित्रफीत सर्वत्र पाहिली गेली. आईवडील आपल्याला मत देणार नसतील तर दोन दिवस जेवू नका, असे ते शाळेतील लहान मुलांना सांगत होते. प्रचारात मुलांचा कोणत्याही प्रकारे वापर करू नये, असे निवडणूक आयोगाने त्याच महिन्याच्या ५ तारखेस सर्व पक्षांना बजावले होते. १९९९ पर्यंत हिंगोली हा परभणी जिल्ह्याचाच भाग असल्याने ही घटना आपल्याला परकी मानता येणार नाही.

मुलांशी मतदानाविषयी बोलण्यात गैर काही नाही. निवडणुकीच्या काळात शाळेतून संकल्पपत्रे घरी येतात आणि पालक त्यांवर सही करतात. 'मतदान करा' हा मुलाचा आग्रह योग्यच आहे. परंतु 'अमक्यालाच मत द्या' असा हट्ट त्याच्याकडून करवून घेणे म्हणजे पालकांच्या सदसद्विवेकबुद्धीवर दडपण आणणे होय. मतदान हे नैतिक कर्तव्य असल्याचे ख्रिस्तसभेची शिकवण सांगते. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ मध्ये या हक्काचा वापर मुक्तपणे आणि सर्वांच्या हितासाठी करावा, असेही स्पष्ट केले आहे. मत गुप्त का असते, हे सात-आठ वर्षांच्या मुलालाही समजावून सांगता येते.

आम्हांस अधिक चिंता वाटते ती घरातील बोलण्याची. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मराठवाड्यात जातीच्या आधारे उघड चर्चा झाली. त्याच वर्षी १० डिसेंबर रोजी परभणीत डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंदला हिंसक वळण लागले आणि १५ डिसेंबर रोजी अटकेतील एका तरुणाचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. अशा वेळी घरातील मोठी माणसे कोणाविषयी काय बोलतात, हे मुले लक्षपूर्वक ऐकत असतात. शाळेत उद्देशिका म्हणणाऱ्या मुलाने घरी एखाद्या समाजाविषयी अपशब्द ऐकले, तर 'बंधुता' हा शब्द त्याच्यासाठी केवळ पाठांतराचा उरतो.

यासाठी धर्मग्रामात फार मोठ्या उपक्रमाची गरज नाही. रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात कोणता खेळ खेळायचा, हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे. ज्यांची निवड हरली त्यांनीही खेळात सामील व्हावे, आणि पुढच्या रविवारी पुन्हा मत मागण्याची संधी त्यांना मिळावी. घरी एखाद्या नेत्याच्या कामावर जरूर टीका करावी. मात्र त्याची जात, धर्म वा व्यंग यांचा उल्लेख टाळावा. संत पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात राजे व अधिकारी यांच्यासाठी प्रार्थना करण्यास सांगितले आहे. आपल्या कौटुंबिक प्रार्थनेत, आपण ज्यांना मत दिले नाही अशा लोकप्रतिनिधींचेही नाव मुलांच्या कानी पडू द्यावे.

१९८९ पासून आपल्या देशात मतदानाचे वय १८ आहे. आज आठ वर्षांचे असलेले मूल दहा वर्षांनी मतदान केंद्रावर जाईल. वेगळे मत असलेला शेजारी हा आपला शत्रू नव्हे, हे तोपर्यंत त्याला शिकविण्याचे काम प्रथम आपणा पालकांचे आहे.