शुद्ध ग्लिसरीनचे लाड

१०० किलो बायोडिझेल बनवलं की साधारण १० किलो ग्लिसरीन उरतं. दिसायला थेट काकवी, पण आत मेथॅनॉल, साबण, क्षार सगळंच. जिवाणूंना ग्लिसरीन खाऊ घातलं की १,३-प्रोपेनडायॉल मिळतं, म्हणजे एका प्रकारच्या पॉलिस्टर धाग्याचा कच्चा माल. ऑगस्ट फ्रॉइंडने हे १८८१ मध्येच पाहिलं होतं! मग घोडं अडतं कुठे?

पीएचडीची पहिली दोन वर्षं मी बाटलीतलं शुद्ध ग्लिसरीन वापरलं. आकडे झकास आले. मग कारखान्यातून खरं पिंप आणलं आणि आमच्या क्लॉस्ट्रिडियमने मान टाकली. शुद्धीकरणाचा खर्च धरला तर हिशोब जमणं कठीण. त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे: घाण पचवणारा जिवाणू शोधा आणि शोधनिबंधात पिंपातल्या मालाचे आकडे आधी द्या.

(माझ्या पहिल्या निबंधात ते नाहीत. असो.)