विश्लेषण : फोनची बॅटरी ८० टक्क्यांवरच का थांबवायची?

युरोपीय महासंघात २० जून २०२५ पासून नव्या स्मार्टफोनसाठी एक अट लागू झाली आहे. ८०० चार्जिंग-चक्रांनंतरही बॅटरीची किमान ८० टक्के क्षमता शिल्लक राहिली पाहिजे. भारतात अशी सक्ती नाही. म्हणजे बॅटरी जपायची जबाबदारी सध्या तरी आपलीच.

चक्र म्हणजे चार्जर किती वेळा लावला ते नव्हे. आज ६० टक्के आणि उद्या ४० टक्के वापरली, की मिळून एक चक्र होते.

बॅटरी झिजते कशी?

लिथियम-आयन बॅटरी चार्ज होताना लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांत शिरतात. याच ग्रॅफाइटवर एक पातळ पापुद्रा साचत जातो आणि थोडे लिथियम त्यात कायमचे अडकते. तेवढी क्षमता गेली ती गेलीच. बॅटरी पूर्ण भरलेली असताना सेलचे व्होल्टेज ४.२ किंवा त्याहूनही अधिक असते. अशा वेळी ही झीज वाढते, आणि त्यात उष्णतेची भर पडली की आणखी वेग घेते.

त्यामुळे रात्रभर उशीखाली चार्जिंगला ठेवलेला फोन हा दुहेरी मार असतो. त्याहून वाईट अवस्था दुचाकीच्या हँडलवर लावलेल्या फोनची. नकाशा सुरू, चार्जिंग सुरू आणि वर ऊन. ॲपल आपल्या फोनसाठी ३५ अंशांपर्यंतचेच बाहेरील तापमान योग्य मानते. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. घरपोच सेवा देणाऱ्या मुलांची रोजीरोटी याच फोनवर चालते, त्यांनी निदान चार्जिंग सावलीत थांबल्यावर करावे.

मग रोज ८० टक्केच?

आयफोन १५ पासून आणि अनेक अँड्रॉइड फोनमध्येही ही मर्यादा सेटिंगमध्ये मिळते. दिवसभर टेबलाजवळ बसणाऱ्यांनी ती जरूर लावावी. कायम चार्जरला जोडलेल्या लॅपटॉपला तर नक्कीच. पण प्रवासाला निघताना खुशाल १०० टक्के करा. दोन वर्षांनी २० टक्के क्षमता जाईल या धास्तीने आजच २० टक्के सोडून देण्यात काय शहाणपण?

आणि ‘पूर्ण उतरवूनच चार्ज करा’ हा सल्ला आता विसरा. तो जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीचा. लिथियमला शून्यावर नेणे उलट जाचकच ठरते.

फोनचे मागचे झाकण उचलले गेले असेल तर बॅटरी फुगलेली असू शकते. ती दाबू नका, टोचू नका आणि चार्जिंगला तर लावूच नका. फोन बंद करून दुरुस्ती केंद्रात न्या. काढलेली बॅटरी घंटागाडीत टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.