बहात्तर तासांचा फंडा

परवा पॅकिंग करताना केबिन बॅगेच्या आतल्या चेनच्या कप्प्यात एक कागद सापडला. चार घड्या, एक कोपरा फाटलेला, क्यूआर कोड पुसट. आरटी-पीसीआर रिपोर्ट. निगेटिव्ह. सॅम्पल घेतल्याची वेळ : ३० नोव्हेंबर २०२१, दुपारी चार. त्याला स्टेपल केलेला एअर सुविधाचा फॉर्म. फोटो काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकला, तर टीममधली नवी मुलगी (वय वर्षं तेवीस, पहिल्यांदाच ऑनसाइटला निघालीय, जाम एक्साइट!) विचारते कशी, ''एअर सुविधा? ही कुठली एअरलाइन?''

हसू नका. एक जमाना असा होता, की या शब्दाने पोटात गोळा यायचा. आणि तो जमाना काही आजोबांच्या वेळचा नाही.

तर नव्या मंडळींसाठी थोडक्यात. परदेशातून भारतात यायचं तर निघण्याआधी एअर सुविधा नावाच्या सरकारी पोर्टलवर फॉर्म भरायचा. त्यात पासपोर्टची कॉपी, मागच्या १४ दिवसांत कुठे कुठे होतात त्याचा हिशेब आणि निगेटिव्ह रिपोर्टची पीडीएफ. रिपोर्ट कसा? तर प्रवास सुरू करण्यापूर्वीच्या ७२ तासांतला. एवढंच. वाचायला किती सोप्पं वाटतं ना?

आता हे बहात्तर तास मोजून दाखवा. रिपोर्टवर वेळा असतात तीन. सॅम्पल दिल्याची, लॅबमध्ये पोचल्याची आणि रिपोर्ट निघाल्याची. धरायची ती सॅम्पलची. आणि घड्याळ थांबतं कधी? मुंबईत उतरल्यावर नाही, पहिलं विमान सुटताना. मध्ये दुबईला सहा तास खुर्चीवर झोपणार असाल, तर ते सहा तास हिशेबात नाहीत. इथेच अनेकांची विकेट पडायची. कुणी खूप आधी टेस्ट करून मोकळं व्हायचं आणि काउंटरवर कळायचं, की तीन तासांनी एक्स्पायर झालीय. कुणी अगदी ताजी ताजी करायचं आणि विमानाची वेळ झाली तरी लॅबचा मेल नाही. मी चक्क एक्सेल शीट बनवली होती. ऑफिसमध्ये डेडलाइनसाठी बनवते, तशीच. लंडनमध्ये एनएचएसची फुकटातली टेस्ट प्रवासाला चालायची नाही, प्रायव्हेटला पैसे मोजावे लागायचे. त्यामुळे 'दोन वेळा करून घेऊ' हा ऑप्शन माझ्या पगारात तरी नव्हता.

बरं, नियम एकदा पाठ केला की झालं, असंही नाही. मे २०२० मध्ये 'वंदे भारत'च्या विमानांनी लोक यायला लागले तेव्हा १४ दिवसांचा क्वारंटाइन होता : सात दिवस स्वतःच्या खर्चाने हॉटेलात वगैरे, सात दिवस घरी. ऑगस्टमध्ये सांगितलं, ९६ तासांतला निगेटिव्ह रिपोर्ट आणा, हॉटेल माफ. नोव्हेंबरपर्यंत ९६ चे ७२ झाले. आणि २२ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून रिपोर्ट सगळ्यांनाच कंपल्सरी. ब्रिटन, युरोप आणि आखाताकडून येणाऱ्यांना उतरल्यावर आणखी एक टेस्ट, तीही स्वखर्चाने. कारण तोपर्यंत ब्रिटन, दक्षिण आफ्रिका आणि ब्राझील इथले नवे व्हेरियंट आले होते.

यातली एक गोष्ट मात्र मला अजून टोचते. ऑगस्ट २०२० च्या नियमात हॉटेलच्या क्वारंटाइनमधून सवलत कुणाला, याची यादी होती : गरोदर बायका, घरात मृत्यू झालेले, गंभीर आजार असलेले, दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना घेऊन येणारे. फेब्रुवारी २०२१ मध्ये रिपोर्टशिवाय येण्याची मुभा उरली फक्त एका कारणासाठी. घरात मृत्यू. म्हणजे आई आयसीयूमध्ये असेल तर आधी टेस्ट कर, रिपोर्टची वाट बघ, मग ये. आई गेली असेल तर तसाच ये. माझा आतेभाऊ तेव्हा मस्कतला होता. आत्या आयसीयूमध्ये, कोविड नव्हे, ब्रेन हॅमरेज. वीस तास तो फोन हातात धरून लॅबच्या मेलची वाट बघत बसला होता. पोचला. आत्याने ओळखलं त्याला. पण ते वीस तास तो आजही विसरलेला नाही.

आता माझी स्टोरी. ऑक्टोबर २०२१ मध्ये बाबांची अँजिओग्राफी झाली आणि डॉक्टर म्हणाले, बायपास. ८ डिसेंबर ही तारीख ठरली. मी लंडनमध्ये. पण टायमिंग सही होतं. २५ ऑक्टोबरपासून नियम सैल झाले होते. ज्या देशांशी लसीच्या सर्टिफिकेटची देवाणघेवाण होती, तिथून दोन डोस घेऊन येणाऱ्यांना क्वारंटाइन नाही. ब्रिटन त्या यादीत होतं. (दोनच आठवड्यांपूर्वी एकमेकांच्या सर्टिफिकेटवरून दोन्ही देशांची चांगलीच जुंपली होती, पण ते मिटलं होतं.) मी २ डिसेंबरच्या रात्रीचं तिकीट काढलं. ३ तारखेला घरी, चार दिवस बाबांबरोबर पत्ते, मग हॉस्पिटल. प्लॅन एकदम फिट.

२६ नोव्हेंबर, शुक्रवार. जागतिक आरोग्य संघटनेने ओमायक्रॉनचं बारसं केलं.

रविवारी केंद्राचे नवे नियम आले, १ डिसेंबरपासून लागू. ब्रिटनसह सगळा युरोप 'ॲट रिस्क'. तिथून येणाऱ्यांनी विमानतळावर टेस्ट द्यायची, रिपोर्ट येईपर्यंत बाहेर पडायचं नाही. निगेटिव्ह असाल तरी सात दिवस घरी क्वारंटाइन आणि आठव्या दिवशी पुन्हा टेस्ट. लसीचे डोस दोन असोत नाहीतर दहा.

मी म्हटलं ठीक आहे. चिडचिड झाली, पण लॉजिक पटलं. बहात्तर तासांपूर्वीची टेस्ट म्हणजे तीन दिवसांपूर्वीचा फोटो. फोटोनंतर मेट्रोत कुणी शिंकलं असेल तर तो त्यात येत नाही. आणि अंगात शिरलेला व्हायरस टेस्टमध्ये दिसायला काही दिवस जातात, म्हणून आठव्या दिवशी पुन्हा. माझ्या बाबांची छाती उघडणार होते. त्यांच्या शेजारी बसायचं तर मलाच ती टेस्ट हवी होती.

मंगळवारी दुपारी चारला सॅम्पल दिलं. रात्री दादाचा मेसेज, एक पीडीएफ आणि खाली : 'हे वाच आणि मग फोन कर.' महाराष्ट्र सरकारचा आदेश. 'ॲट रिस्क' देशांतून येणाऱ्यांना सात दिवस घरी नाही, संस्थात्मक क्वारंटाइन. टेस्ट दुसऱ्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी.

म्हणजे दिल्लीला उतरले तर घरी, मुंबईला उतरले तर हॉटेलात? डोक्याला शॉट!

ही भानगड मला त्या रात्री समजली, आणि ती समजल्याशिवाय या नियमांचं काहीच समजत नाही. केंद्राचा कागद म्हणजे किमान काय करायचं ते. राज्याला वाटलं तर त्यात भर घालण्याची सोय अगदी २०२० च्या नियमांपासूनच होती. राज्याच्या खाली महापालिका. त्यामुळे 'भारताचा नियम काय?' हा प्रश्नच चुकीचा. बरोबर प्रश्न : मी कुठून येतेय, कुठे उतरतेय आणि त्या दिवशी तिथे कुठला कागद लागू आहे? एअरलाइनच्या वेबसाइटवर वाचून गप्प बसलेले लोक यातच फसले.

दादा म्हणाला, ''हैदराबादला उतर, तिथून टॅक्सीने ये.'' मी म्हटलं, वेडा आहेस का! बाबांच्या ऑपरेशनला चोरवाटेने येऊ? आई मागून म्हणाली, ''तिला म्हणावं, नको येऊस. आम्ही आहोत.'' आई असं म्हणते तेव्हा नेमकं उलटं समजायचं, हे तुमच्याही घरी असेलच.

बुधवारी केंद्राचे आरोग्य सचिव राजेश भूषण यांनी राज्याला पत्र लिहिलं, की तुमचे आदेश आमच्या नियमांशी जुळत नाहीत, जुळवून घ्या. गुरुवारी राज्याचा सुधारित आदेश. हाय रिस्क देश आता तीनच : दक्षिण आफ्रिका, बोत्सवाना, झिम्बाब्वे. ब्रिटनवाल्यांना केंद्राचा नियम. दादाचा मेसेज आला तेव्हा मी पिकॅडिली लाइनवर सुटकेस गुडघ्यांत धरून बसले होते. चेक-इन काउंटरवरच्या मुलीच्या हातात मात्र कालचंच प्रिंटआउट. ती म्हणे, हॉटेलचं बुकिंग दाखवा. मी दादाची पीडीएफ दाखवली, ती मराठीत! शेवटी तिच्या सुपरवायझरने कुठेतरी फोन केला आणि बोर्डिंग पास मिळाला.

सांगायचा मुद्दा, नियम कडक होता याचा मला राग नाही. मंगळवारी काढलेला नियम गुरुवारी बदलतो आणि मधल्या बुधवारी उतरलेल्या माणसाने करायचं काय, याचा आहे.

मुंबईत उतरल्यावर दोन रांगा. साधी टेस्ट ६०० रुपये, रिपोर्टला काही तास. रॅपिड ३,९०० रुपये, तास-दीड तासात सुटका. मी रॅपिड केली. त्याच आठवड्यात रॅपिडचा दर १,९७५ झाला. आपलं नशीब!

निगेटिव्ह. पण पार्ल्याच्या घरी जायचं नव्हतंच. तिथे बाबा. मावशीचा गोरेगावचा रिकामा फ्लॅट होता, तिथे सात दिवस. बाबांना कुणीच सांगितलं नाही की मी आलेय. सांगितलं असतं तर ते रिक्षा करून आले असते, एवढी मी त्यांना ओळखते. रोज रात्री व्हिडिओ कॉल करायचा आणि मागे पांढरी भिंत येईल असं बसायचं. वर 'इथे थंडी काय पडलीय!' अशी ॲक्टिंग.

वॉर्डाच्या वॉर रूममधून फोन यायचा, दिवसातून बरेचदा. ताप? नाही. खोकला? नाही. घरीच आहात ना? हो. एक ठरावीक बाई असायच्या, आवाजावरून पन्नाशीच्या. ८ तारखेला सकाळी त्यांनी ताप विचारला आणि मला एकदम रडूच फुटलं. म्हटलं, आत्ता बाबांना आत नेलंय. लंडनहून सात हजार किलोमीटर आले आणि आता अंधेरीला जाता येत नाहीये. त्या दोन सेकंद गप्प. मग म्हणाल्या, ''खिचडी टाका थोडी आणि खा. मी दुपारी लावते पुन्हा.'' दुपारी फोन आला. ताप विचारलाच नाही. ''झालं का बाबांचं?'' झालं होतं. साडेपाच तास लागले.

आठवा दिवस कुठला, यावरही दादाशी वाद. उतरल्याचा दिवस धरायचा की नाही? बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या धरा. १० तारखेला सकाळी नऊला सॅम्पल, ११ ला दुपारी रिपोर्ट. पुढे जानेवारी २०२२ मध्ये हेच सात दिवस आणि आठवी टेस्ट सगळ्याच देशांतून येणाऱ्यांना लागली आणि १४ फेब्रुवारीला गेलीसुद्धा. नोव्हेंबर २०२२ मध्ये एअर सुविधा बंद, जानेवारी २०२३ मध्ये चीन, जपान वगैरे सहा ठिकाणांसाठी पुन्हा चालू, फेब्रुवारीत त्यांचीही सुटका. विमानागणिक दोन टक्के प्रवाशांच्या टेस्ट तेवढ्या उरल्या होत्या, त्या जुलै २०२३ मध्ये थांबल्या. म्हणून त्या तेवीस वर्षांच्या मुलीला एअरलाइन वाटली तर तिचं काही चुकलं नाही.

११ ला संध्याकाळी पाचला हॉस्पिटलच्या गेटवर गेले. तिथला वेगळाच नियम, भेटायला येणाऱ्याचा रिपोर्ट ४८ तासांतला. वॉचमन बोटांवर तास मोजायला लागला. मी म्हटलं, काका, बत्तीस. एक्सेलमध्ये आहेत.

बाबा वॉर्डात, उशीला टेकून. मला बघून आधी नीट कळलंच नाही त्यांना. मग म्हणाले, ''आलीस? कधी उतरलीस?''

''तीन तारखेला.''

''तीन? मग आठ दिवस काय करत होतीस?''

मी पर्समधून सगळे रिपोर्ट काढून त्यांच्या हातात दिले. त्यांनी आईकडे चष्मा मागितला.